सासऱ्याचा आशीर्वाद

पांढुर्णा
१४ जुलै

देवीदास मामा, पाया पडतो.

सोबतच्या पाकिटात फोटो आहेत. तुम्ही म्हणता व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो म्हणजे धोब्यानं दगडावर आपटलेला शर्ट, म्हणून खास नागपूरहून प्रिंट काढून आणले आन सौंसरच्या बसवर कंडक्टरच्या हाती देऊन राहिलो. तुम्ही पण उत्तर कागदावरच पाठवा. तुमचं अक्षर पाहिलं की चित्रकलेची वही तपासून आल्यासारखं वाटते.

ड्रोन आला मामा! तळहातावर बसते एवढासा आहे. पहिल्या दिवशी गच्चीवरून उडवला त आई देवघरातून धावत आली, म्हणे, "बाई वो, केवढी मोठी गांधीलमाशी!" आता तिले सवय झाली. बापूजीले नाही झाली. दुकानातून घरी आले की आधी वर पाहतात. म्हणतात, "आपल्या छपराचे कवेलू फुटले हे गावाले दाखवून राहिला काय बे?" पण कृषी केंद्रात गिऱ्हाईक आलं की तेच सांगतात, "आमचा वैभव आभाळातून फोटो काढते."

तुम्ही आईचे चुलत भाऊ, पण मले कॅमेरा धरायले तुम्ही शिकवलं तेवढं सख्ख्या मामानं केलं नसतं. म्हणून पहिले तुम्हालेच दाखवून राहिलो. संत्र्याच्या बगीचाचा फोटो नीट पाहा, आन खरं सांगा.

घरची खबर अशी की चंचलचं जमलं. पोरगा सावरगावचा, शुभम नाव. दोघं एकाच कॉलेजात होते, बाकी तुम्ही समजून घ्या. माह्या बहिणीनं आठ दिवस जेवण सोडलं होतं. बापूजी म्हणायचे, "नदीपलीकडं पोरगी देऊ? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याईले गोटे मारतो त्याईच्या घरी?" मग एका सकाळी चहा पिता पिता स्वतःच म्हणाले, बोलव त्या पोट्ट्याले. साखरपुडा झाला. लग्न मार्गशीर्षात. तुम्ही यायचंच, फोटो तुम्हीच काढायचे.

तुमचा,
वैभव


सौंसर
२० जुलै

चि. वैभव,

फोटो पोचले. खरं सांगा म्हणतोस म्हणून सांगतो, नाहीतर पावसात भिजले म्हणून कळवलं असतं.

संत्र्याचा बगीचा तलाठ्याले नेऊन दे, त्याच्या कामाचा आहे. नदीचं वळण नदीनं काढलं, त्यात तुझं काय? मोहगावच्या देवळाचा कळस वरून काढला, देवाच्या डोक्यावर पाय देऊन काय दिसलं तुले? वर गेलं की नजर मोठी होते असं तुले वाटून राहिलं. कावळा रोज जाते वर, लेका. एकाही फोटोत माणूस नाही. जिथं आहे तिथं मुंगी आहे.

मी नवी लेन्स घेतली, सहाशे एमएमची. बोरगावच्या तलावावर काल खंड्या पक्षी टिपला. या काठावरून त्या काठावरचा. चोचीतल्या मासोळीचा डोळा दिसते. मासोळी जिवंत होती आन तिले सगळं कळलं होतं. ते फोटोत आलं. फोटो त्याले म्हणतात.

तरी नागपूरच्या फोटो क्लबवाल्यांनी मागच्या स्पर्धेतही माझं पाकीट वापस केलं. दरसाल करतात. परीक्षक म्हणजे कालची पोट्टी. म्हणतात, "सर, टेक्निक उत्तम, पण फोटोत गोष्ट पाहिजे."

तुले एक काम देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची गोटमार. सगळी दुनिया तिचे फोटो काढते आन सगळ्यांचे सारखेच येतात. जाम नदी, मधात रोवलेलं पळसाचं झाड, त्यावर झेंडा, तुमचे पांढुर्णावाले तो तोडायले धावतात, सावरगाववाले राखतात, दोन्ही थड्यांवरून दगडांचा पाऊस. गर्दी, गर्दी, गर्दी. मले गर्दी नको. मले एक हात पाहिजे, त्यातून सुटलेला एक गोटा पाहिजे, आन एक चेहरा. आणून दाखव. मग तुले फोटोवाला म्हणीन.

चंचलचं वाचलं. बापूजी नदीपलीकडं पोरगी द्यायले तयार झाले म्हणजे नवलच! माझ्या वेळी दुसऱ्या कोणाच्या लग्नाच्या पंगतीत बसून म्हणाले होते, "फोटोवाल्याले पोरगी कोण देते?" लोक खूप हसले होते. पोरीचा बाप पण त्याच पंगतीत होता. असो, जुनी गोष्ट. माझं एकट्याचं बरं चाललं आहे.

देवीदास


पांढुर्णा
३० ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस ड्रोनले हात लावला नाही. मग राग आला. मग वाटलं, खरंच त आहे. सारे मुंग्याच आहेत.

यंदा उडवतो. नदीच्या अंगाले मित्राची गच्ची आहे, तिथून. पोलिसांचेही ड्रोन फिरतच असतात वर. तुमचा हात, तुमचा गोटा, तुमचा चेहरा आणून देतो, पाहा!

एक गंमत सांगतो. बापूजी यंदा नदीवर जाणार आहेत. कित्येक वर्षांत गेले नव्हते, गुडघ्यानं. म्हणे चंडीमातेले नवस बोलले होते, पोरीचं नीट जमलं त तुझ्या नावानं एक गोटा मारीन. एकच. आई म्हणाली, "नारळ फोडा न त्यापेक्षा." म्हणाले, "नारळ त कोणीही फोडते." तिकडून शुभम झेंड्यापाशी राहणार. चंचल त्याले फोनवर म्हणून राहिली होती, "माह्या बापाच्या समोर येऊ नको हां, नवसाचा गोटा आहे." आन दोघं हसत होते.

वैभव


पांढुर्णा
७ सप्टेंबर

मामा,

शुभमचा उजवा डोळा गेला.

झेंड्यापाशी कमरेइतक्या पाण्यात उभा होता. मान फिरवली आन लागला. तिथंच खाली बसला. सावरगावच्या पोरांनी उचलून नेला, मग नागपूरले. डॉक्टर म्हणाले, डोळा काढावाच लागन. काढला.

आपल्याकडची रीत तुम्हाले माहीतच आहे. कोणी पोलिसात जात नाही, गोटा कोणाचा हे कोणी विचारत नाही. देवीची राख लावायची आन घरी जायचं. दवाखान्यात शुभमच्या बापानं बापूजीचा हात हाती घेतला, म्हणाला, "व्याही, गोट्याले नाव नसते. देवाचं काम होतं." बापूजी भिंतीले टेकून रडले. मी त्याईले आजीच्या मौतीतही रडताना पाहिलं नव्हतं.

लोक चंचलले आडून आडून विचारून राहिले, आता काय? ती सरळ म्हणाली, "काय म्हणजे? एका डोळ्यानं मी त्याले अर्धी दिसन काय?" लग्न ठरल्या तारखेलेच आहे. मले तिचा एवढा अभिमान वाटला मामा की काय सांगू.

वैभव


सौंसर
१० सप्टेंबर

चि. वैभव,

फार वाईट झालं. पोरगी पाणीदार निघाली. तिले माझा आशीर्वाद सांग.

तेव्हा तुझा ड्रोन कुठं होता, हे तू लिहिलं नाही.

देवीदास


पांढुर्णा
१६ सप्टेंबर

मामा,

तुम्ही नेमकं तेच विचारलं. तिथंच होता. बरोबर वर.

घरात कोणाले सांगितलं नाही, तुम्हालेच सांगून राहिलो. सगळं आलं आहे त्यात. बापूजी थडीवर आहेत, पांढरा दुपट्टा खांद्यावर. हातात एकच गोटा. बाकीचे मारून राहिले, हे नुसते उभे. पाहून राहिले झेंड्याकडं. पाहून राहिले, पाहून राहिले, आन मग हात सुटला. गोटा निघते, पाण्यावर येते, शुभम मान फिरवते, आन हात डोळ्यावर. एक एक फ्रेम थांबवून पाहिली मी. बापूजीचाच गोटा आहे.

आन नेम धरल्यासारखा आहे, मामा. त्याईले हा पोरगा नको होता. हो म्हटलं ते चंचलच्या उपासापायी. मग देवीच्या नावावर, गर्दीत, जिथं कोणी विचारत नाही तिथं... दवाखान्यात रडले ते आता मले वेगळंच दिसते. रोज त्याईच्या समोर जेवायले बसतो आन अर्धं ताट सोडून उठतो.

डिलीट करून टाकणार आहे. पण लाज वाटते सांगायले, करायच्या आधी हात थांबला. तुम्ही मागितली होती तशीच फ्रेम आहे. एक हात, एक गोटा, एक चेहरा. पुन्हा जन्मात येणार नाही. कोण्या एका माणसानं पाहावी आन मग मिटवावी असं वाटलं. ड्रोनचं मेमरी कार्ड पाठवून राहिलो, कॉपी ठेवली नाही. पाहून वापस करा. कोणाले दाखवू नका, तुम्हाले आईची शपथ आहे.

वैभव


सौंसर
१९ सप्टेंबर

चि. वैभव,

कंडक्टरच्या हातून पाकीट घेतलं ते स्टँडवरच फोडलं. घरी येऊन पाहिलं आन मग पुन्हा पाहिलं.

हा फोटो आहे. आतापर्यंत तू जे काढत होतास ते काही नव्हतं. मी स्वतः जे काढत आलो तेही काही नव्हतं, आता लपवून काय करू? बापूजीची बोटं सुटलेली, गोटा हवेत, आन त्या पोट्ट्याची मान नेमकी वळलेली. एका रेषेत. माझ्या मासोळीच्या डोळ्याले कोण विचारते यापुढं!

तू पाहिलं ते पोटात ठेव. बापूजीले विचारू नको, चंचलले कळू देऊ नको. कार्ड मात्र माझ्याच कपाटात बरं. तुझ्या घरी लॅपटॉप सगळ्यांचा, चंचल कधीही उघडन. लग्न उरकलं की आपण दोघं मिळून मिटवू.

देवीदास


पांढुर्णा
५ नोव्हेंबर

मामा,

दिवाळीचा फराळ पाठवतो आहे, आईनं अनारसे खास तुमच्यासाठी केले.

घर आनंदात आहे. शुभम काळा चष्मा घालून येते. परवा बापूजीले म्हणाला, "काका, आता मी फोटोवाल्यासारखा एक डोळा कायमचाच मिटला." सगळे हसले आन बापूजी उठून आत गेले. मी त्याईच्या मागं गेलो नाही. जाता आलं नाही. पण मामा, मी ठरवलं, बापाचा न्याय करणारा मी कोण? चंचल सुखी आहे. तेवढ्यावर माती टाकायची.

म्हणून कार्ड आता पाठवा. माह्याच हातानं मोडून नदीत टाकीन. दोनदा फोन केला त तुम्ही उचलला नाही, तलावावर असाल.

वैभव


सौंसर
१२ नोव्हेंबर

चि. वैभव,

अनारसे छान. प्रेमलताताईच्या हाताले चव आहे, तिले सांग.

कार्ड सापडून नाही राहिलं. कपाटात कुठंतरी आहे, जाते कुठं? सध्या मी गडबडीत आहे, नागपूरले दोन चकरा झाल्या. लग्नाले मोठी लेन्स आणतो. नवरी रडते तेव्हा दुरूनच काढावं, जवळ गेलं की ती चेहरा लपवते.

देवीदास


पांढुर्णा
२ डिसेंबर

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहून राहिलो.

काल सकाळी बापूजीनं दुकानात पेपर उघडला. पानभर फोटो. वर मोठ्या अक्षरात "प्रथम पुरस्कार". छायाचित्रकार म्हणून तुमचं नाव. आन खाली, "सासऱ्याचा आशीर्वाद : गोटमारीत होणाऱ्या जावयावर गोटा भिरकावणारा वधुपिता."

आईची शपथ घातली होती मी तुम्हाले.

दुपारपर्यंत साऱ्या सावरगावात पोचला. कोणी दगड घेऊन आलं नाही. आलं असतं त बरं झालं असतं. संध्याकाळी शुभम एकटा आला. दारातच उभा राहिला, चष्मा काढला. ती खाच मी पहिल्यांदा पाहिली. बापूजीले म्हणाला, "काका, आमच्या घरचे म्हणतात, गोट्याले नाव नव्हतं तोपर्यंत देवाचं काम होतं. आता नाव आलं. फोटो आला नसता त मी तुमचाच जावाई होतो." चंचल आतून आली. त्यानं अंगठी तिच्या हातात दिली. ती त्याच्या मागं गेटापर्यंत गेली आन तिथून वापस आली.

मी बापूजीले विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं, काल विचारलं. म्हटलं, तुम्ही जाणून मारला? ते पेपर डोळ्यापाशी धरून बसले होते. म्हणाले, "मले त आठवत नाही पोऱ्या. देवीचं नाव घेतलं अन सोडला. कुठं गेला पाह्यलंबी नाही. पन हे पाह्य ना, फोटोच आहे. फोटो खोटं कायले बोलन?"

चंचलनं त्याईच्याकडं पाहिलं आन म्हणाली, "तुम्हाले नाहीच म्हणायचं होतं त तोंडानं म्हणायचं होतं, बापूजी." तेव्हापासून बोलली नाही.

माह्याकडं यायचं काम नाही. लग्न नाही.

वैभव


सौंसर
८ डिसेंबर

चि. वैभव,

रागात लिहिलेल्या पत्राले उत्तर देऊ नये असं म्हणतात, तरी देतो, कारण तुले अक्कल कमी आहे हे मले आधीपासून माहीत आहे.

माझं नाव टाकलं म्हणून ओरडून राहिला. तुझं टाकलं असतं त? पोरानंच बापाचा फोटो काढून पेपरात दिला, असं झालं असतं. सारं गाव तुझ्या तोंडावर थुंकलं असतं. तुले वाचवलं मी. शिवाय फ्रेम मीच निवडली, कडा मीच कापल्या, नाव मीच दिलं. कच्चा कापूस तुझा होता एवढंच. परीक्षकांले "आशीर्वाद" हा शब्द फार आवडला. त्यातला जाड चष्मेवाला पोट्टा उभा राहून म्हणाला, "सर, हीच ती गोष्ट!" इतक्या वर्षांनी सभागृहात लोक माझ्यासाठी उभे राहिले. तू असतास त तुलेही बरं वाटलं असतं.

आन ते गोट्याले नाव नसते वगैरे गावाचं सोंग आहे. नाव असतेच. तुम्ही सारे डोळे मिटून बसता, मी वाचून दाखवलं. पोरीचं लग्न एका फोटोनं मोडलं त ते लग्न केवढं पक्कं होतं?

तुमच्या बापूजीले म्हणा, पंगतीत यंदा कोण हसून राहिलं ते पाहा.

देवीदास


पांढुर्णा
११ फेब्रुवारी

मामा,

पुन्हा तुम्हाले लिहीन असं वाटलं नव्हतं. नाक घासून लिहून राहिलो.

बापूजीनं दुकानात जाणं सोडलं. उजव्या हातानं जेवत नाहीत, डाव्यानं सांडत सांडत खातात, आई पुसते. मागच्या अमावास्येले सावरगावले गेले, शुभमच्या दारात बसले, म्हणाले, "माह्या एक डोया काढून घ्या, हिशेब बरोबर होते." त्याईनं दार लावून घेतलं. चंचल ताट वाढते, त्याईच्यासमोर ठेवते आन उभी राहते. शब्द नाही. ते म्हणतात, "मीठ जरा कमी आहे वो माय," ती मीठ आणून ठेवते. शब्द नाही. रागानं ओरडली असती त सहन झालं असतं. मी तिले खूप समजावलं. म्हणते, "तू फोटो पाहिला न? मंग?"

मी काय सांगू तिले? फोटो त मीच काढला. तेवढं सांगायची हिंमत आजही नाही माह्यात.

एक काम करा. एका कागदावर लिहून द्या की फोटो जोडलेला आहे. दोन फोटो जुळवून केला, स्पर्धेसाठी. बापूजी ज्या फोटोवर विश्वास ठेवून बसले त्याच फोटोवाल्याचं ऐकतील. चंचल ऐकन. पुरस्कार जाईन तुमचा, मले कळते. पण एक माणूस जगन मामा. तुमच्या बहिणीचा नवरा आहे. आई तुमच्या पाया पडायले सौंसरले येतो म्हणते.

वैभव


सौंसर
१७ फेब्रुवारी

चि. वैभव,

प्रेमलताताईले पाठवू नको, माझे गुडघे दुखतात, कोणाले उठवायले जमत नाही.

खोटं लिहून देणार नाही. आयुष्यात एक फोटो जोडला नाही, रंग सुद्धा वाढवला नाही. हाही जसा आहे तसाच आहे. बापूजीचा हात खरा, गोटा खरा, त्या पोट्ट्याचा चेहरा खरा. शाळेत पोरांले शिकवत होतो, जे दिसते तेच काढा, मनचं काढू नका. आता म्हातारपणी तुझ्यासाठी मनचं लिहू?

मार्चमध्ये भोपाळले प्रदर्शन आहे. फोटो मोठा करून लावणार आहेत, भिंतभर.

देवीदास


पांढुर्णा
२९ ऑगस्ट

देवीदास मामा,

तुम्हाले आईनं कळवलं नाही, मीच कळवतो. बापूजी गेले.

पोळ्याच्या दिवशी त्याईनं बैलाले पुरणपोळी चारली, उजव्या हातानं. आम्हाले वाटलं सुधरून राहिले. रात्री मले म्हणाले, "उद्या तुह्या भुंगा उडवजो बरं." म्हटलं, नाही उडवत आता. म्हणाले, "उडव. पन मंग पाहू नोको."

दुसऱ्या दिवशी गोटमारीत गेले. सगळ्यांले वाटलं थडीवर उभे राहतील. सरळ पाण्यात उतरले, झेंड्यापाशी गेले, सावरगावकडं तोंड करून उभे राहिले. दोन्ही हात रिकामे, पंजे उघडून वर धरलेले, सगळ्यांले दिसले पाहिजे असे. सावरगावची पोरं ओरडली, "बाबा, हटा!" काही वेळ त्याईनं गोटे थांबवले सुद्धा. पण तिकडं थांबले तरी इकडून पांढुर्णावाले मारतच होते, मग तिकडूनही सुरू झाले. कानशिलावर लागला. पाण्यात गुडघ्यावर बसले आन आडवे झाले. नागपूरच्या रस्त्यातच संपले.

कोणाचा लागला, कोणी विचारलं नाही.

शुभम खांदा द्यायले आला होता. चंचल त्याले पाहून नाही रडली, बापूजीच्या पायाशी बसली होती, त्याईचा उजवा पंजा हातात धरून. मोठ्यानं म्हणून राहिली होती, "बोला न बापूजी, मी बोलतो, पाहा, मी बोलून राहिली न." बायांनी सोडवला हात.

ड्रोन उडवला होता. त्याईनं सांगितलं म्हणून. कार्ड पाहिलं नाही आन पाहणार नाही.

तुम्ही मारलं माह्या बापाले. तुमच्या त्या दोन शब्दांनी. हे सांगायलेच लिहिलं. उत्तर पाठवू नका.

वैभव


सौंसर
४ सप्टेंबर

चि. वैभव,

बापूजी गेल्याचं वाईट वाटलं. माणूस तोंडाचा फटकळ होता पण मनानं भाबडा. त्यांचा नवस खरा होता, हे मले आधीपासून माहीत होतं.

मी मारलं म्हणतोस, म्हणून आता सांगून टाकतो. तुझ्या कार्डावर जे होतं ते तुले नीट पाहता आलं नाही. तू गोट्यामागं पळालास, त्याची सावली पाहिली नाही. वरून काढलेल्या फोटोत गोटा किती उंच आहे हे कळत नाही, सावलीवरूनच कळते. गढूळ पाण्यावर ती स्वच्छ पडली आहे. बापूजीचा गोटा आन त्याची सावली जवळ जवळ येतात, आन झेंड्याच्या अलीकडं, शुभमपासून दोन हात दूर, एकमेकांले भेटतात. तिथं पाणी उडते. तोपर्यंत शुभमच्या डोळ्याले काही झालेलं नाही. मग डाव्या कडेनं दुसरा गोटा येते. तो सावरगावच्याच थडीवरचा, कोण्या पोट्ट्याचा आखूड पडलेला. शुभमले तो लागला.

पहिल्याच दिवशी दिसलं होतं मले. पाणी उडायच्या आधीची फ्रेम म्हणूनच घेतली. नंतरच्या फ्रेममध्ये नुसती एक चूळ भरल्यासारखं पाणी आहे, त्याले कोण पुरस्कार देते?

लपवलं म्हणशील, तर तू विचारलंच कुठं? तू मले सांगितलं, बापूजीचाच गोटा आहे म्हणून. फेब्रुवारीत मागितलं तेही खोटं मागितलं, फोटो जोडलेला आहे असं लिहून द्या म्हणे. मामा, खरं काय ते लिहून द्या, एवढं म्हटलं असतंस त विचार केला असता.

यंदाचं कार्ड तू पाहू नको, बापाचा शब्द आहे. माझ्याकडं पाठव. रिकामे पंजे आन वरचं ऊन, फ्रेम कशी आली असन ते डोळ्यासमोरून हलून नाही राहिलं.

राहिली चंचल. बापाचा गोटा पाण्यात पडला होता हे तिले कळू देऊ नये, असं माझं मत आहे. नऊ महिने ताट ठेवून मुकी उभी राहिली ती, आता हे ऐकून कुठं जाईन? पण तुझ्या पोटात राहणार नाही, वैभव. तू सांगशीन.

देवीदास